तिकिटाच्या पैशात तिथलेच गवंडी आले नसते का?

तुमच्या विमानाच्या तिकिटात तिथले चार गवंडी महिनाभर कामाला लागले असते, मग तुम्ही स्वतः कशाला जाता? हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, इंजिनिअरिंगची मुलं विचारतात, एखाद्या गावी बोलायला गेले तर मागच्या रांगेतून कोणीतरी हमखास विचारतं. मी पाणीपुरवठ्यातली इंजिनिअर. सगळी नोकरी सोलापूर-मराठवाडा पट्ट्यातल्या नळपाणी योजनांवर झाली आणि निवृत्तीनंतर उत्तर युगांडातल्या लिरा भागात स्वयंसेवक म्हणून जाऊ लागले. गावातले हातपंप, शाळांचे संडास, पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या, अशी कामं. तिकीट मी माझ्या पेन्शनमधून काढते, पण त्यानं प्रश्न सुटत नाही. तेच पैसे पाठवता आले असतेच की. तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर लिहिते.

निम्मा प्रश्न अगदी बरोबर आहे. विटा रचायला, खड्डे खणायला, शाळेच्या भिंती रंगवायला परदेशातून माणसं नेणं ही पैशाची नासाडी आहे, असं माझं ठाम मत आहे. लिराच्या आसपास गवंडी आहेत, सुतार आहेत, विटा गावातच भाजतात. या भागातली लाखो माणसं यादवीच्या काळात वर्षानुवर्षं छावण्यांत अडकून पडली होती. २००६ च्या सुमारास लढाई थांबल्यावर ती हळूहळू गावी परतली आणि आपली घरं त्यांनी आपल्याच हातांनी पुन्हा उभी केली. त्यांना भिंत उभी करायला शिकवणारी मी कोण?

शाळेच्या संडासाचंच बघा. तिकडे सरसकट खड्ड्याचा संडास असतो आणि त्याला मागच्या बाजूनं एक उभा पाइप, छताच्या वर निघालेला, तोंडाला बारीक जाळी बसवलेला. पाइपच्या तोंडावरून वारा गेला की खड्ड्यातली हवा वर ओढली जाते आणि वास आत येत नाही. आत मुद्दाम अंधार ठेवतात. खड्ड्यातल्या माशा उजेडाकडे झेपावतात, उजेड दिसतो तो फक्त पाइपच्या तोंडाशी, तिथे त्या जाळीला अडकतात आणि मरतात. ही रचना आफ्रिकेतच तयार झाली. आजच्या हरारेमधल्या ब्लेअर प्रयोगशाळेत पीटर मॉर्गन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७० च्या दशकात बसवली. मॉर्गन यांना पुढे २०१३ चं स्टॉकहोम जल पारितोषिक मिळालं. लिराजवळच्या एका शाळेत मी अशा संडासाला मोठ्या खिडक्या बघितल्या. मुलांना अंधाराची भीती वाटू नये म्हणून बाहेरून आलेल्या विद्यार्थ्यांच्या एका गटानं त्या बसवल्या होत्या. हेतू चांगला होता, पण माशांना आता पाइपकडे जायचं कारणच उरलं नव्हतं. गावातल्या गवंड्यानं त्या खिडक्या विटांनी बुजवल्या तेव्हा मी शेजारी उभी होते. मला त्याला एक शब्दही सांगावा लागला नाही.

तरीही मी जाते, कारण बांधकामाच्या आधी आणि बांधकामानंतर काही कामं असतात, ज्यांना तिथे माणसं कमी पडतात. ती कामं फोटोत दिसत नाहीत आणि त्यांच्यासाठी देणगी मागितली तर कोणी पटकन देत नाही.

हापशाचं सांगते. युगांडात सगळ्यात जास्त दिसतो तो यू-टू पंप, म्हणजे आपल्याकडच्या इंडिया मार्क टूचाच भाऊ. वर दांडी आणि चेन, खाली सिलिंडर, मध्ये तीन-तीन मीटरचे लोखंडी पाइप एकमेकांना आट्यांनी जोडलेले आणि पाइपांच्या आतून रॉड. पिस्टनला लावलेले वायसर झिजले की पाणी कमी येतं. वायसर स्वस्त असतो, पण तो बदलायचा तर खालपर्यंतचे सगळे पाइप वर काढावे लागतात. सिलिंडर तीस मीटरवर असेल तर दहा पाइप. तिकटी उभी करायची, पाइपला क्लॅम्प लावायचा, एक-एक पाइप उचलून पान्यानं सोडवायचा आणि खालचा निसटून बोअरमध्ये पडू द्यायचा नाही. चार-पाच माणसांचं काम आहे.

अशाच एका पंपावर मी तिथल्या मेकॅनिकबरोबर होते. बायका सांगत होत्या की सकाळी पहिल्या दोन-तीन जेरीकॅनचं पाणी लाल येतं, त्यात भात शिजवला तर रंग बदलतो, कपडे धुतले तर डाग पडतात. त्यामुळे बऱ्याच जणी पुन्हा ओढ्याचं पाणी आणायला लागल्या होत्या. चौथा पाइप वर आला तेव्हा मेकॅनिकनं आटे मला दाखवले. आटे कसले, गंजाचा पोपडा होता. बोटानं दाबला तर सुटून हातात आला. बाकीचा पाइप बाहेरून ठीक दिसत होता, पण आट्यांच्या जागी, जिथे आटे पाडताना जस्ताचा थर निघून जातो, तिथे तो खाल्ला गेला होता. मी पाण्यात मीटर बुडवला. पीएच ६ च्याही खाली, म्हणजे पाणी आम्लधर्मी. आम्लधर्मी भूजलात जस्ताचा थर टिकत नाही आणि तो गेला की लोखंड विरघळायला लागतं. म्हणजे पंप वाईट नव्हता, बोअरही चांगली होती. त्या पाण्याला तो पाइप चालणारा नव्हता, एवढंच. आधीही दोनदा तिथे तसेच नवे लोखंडी पाइप बसवले गेले होते, कारण पाण्याचा पीएच कोणी मोजलाच नव्हता.

ही गोष्ट एका गावाची नाही. आफ्रिकेत अनेक देशांत हे वर्षानुवर्षं चाललं होतं. युगांडा सरकारनं २०१६ मध्ये हातपंपांसाठी गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा थर दिलेले लोखंडी पाइप वापरायला बंदी घातली. स्टेनलेस स्टील किंवा पीव्हीसी वापरायचं ठरलं. पण जमिनीत आधीच गेलेले पाइप आहेत ते आहेतच. कुठल्या बोअरचं पाणी किती आम्लधर्मी आहे, कुठले पाइप आधी बदलायचे, स्टेनलेस कुठे आणि पीव्हीसी कुठे चालेल, बाजारात स्टेनलेस म्हणून मिळतंय ते खरंच त्या दर्जाचं आहे का, हे ठरवायला मोजमाप लागतं आणि शांत बसून हिशेब करणारा माणूस लागतो. जिल्ह्याच्या पाणी अधिकाऱ्याकडे गावं शेकडो, हाताखाली माणसं मोजकी, आणि गाडीच्या डिझेलचीही ओढाताण. त्यांनी बोलावलं की मी जाते. दिवसभर पीएच आणि विद्युतवाहकता मोजत फिरायचं, संध्याकाळी तक्ते भरायचे. या कामाला कोणी रिबिन कापत नाही.

२००९ मध्ये ग्रामीण पाणीपुरवठ्यावर काम करणाऱ्यांच्या एका आंतरराष्ट्रीय जाळ्यानं सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडच्या वीस देशांतले आकडे एकत्र केले. त्यात सुमारे ३६ टक्के हातपंप बंद होते. यातला प्रत्येक पंप कोणीतरी मनापासून बसवला होता, गावानं नाच-गाणी करून त्याचं उद्घाटन केलं होतं. मला या आकड्याचा त्रास होतो, कारण यातले बरेच पंप किरकोळ सुट्या भागासाठी बंद पडतात. तो भाग तालुक्याच्या बाजारात मिळत नाही, किंवा पाणी समितीच्या खजिनदार बाईंकडे तेवढी वर्गणी जमलेली नसते, किंवा पाइप उचलायची तिकटी ज्याच्याकडे आहे तो मेकॅनिक चाळीस किलोमीटरवर असतो.

बाहेरून आलेल्या हुशारीनं काय होऊ शकतं याचं मोठं उदाहरण म्हणजे प्लेपंप. मुलांनी गोल फिरणाऱ्या चक्रावर खेळायचं आणि त्या फिरण्यानं पाणी उपसून वरच्या टाकीत जायचं, अशी कल्पना. २००६ मध्ये अमेरिकेतून त्याला मोठा पैसा मिळाला आणि मोझांबिक, मलावी अशा देशांत ती चक्रं बसू लागली. एकाची किंमत सुमारे १४ हजार डॉलर, म्हणजे साध्या हातपंपाच्या कितीतरी पट. एका प्लेपंपानं अडीच हजार माणसांना पाणी पुरवायचं होतं. पुढे एका ब्रिटिश वर्तमानपत्रानं हिशेब मांडला की त्यासाठी मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागेल. मुलं खेळून दमली की बायकाच ते जड चक्र ढकलत राहायच्या, म्हाताऱ्या बायकासुद्धा. काही ठिकाणी चांगला चालणारा हातपंप काढून त्याच जागी चक्र बसवलं होतं. मलावीत काम करणाऱ्या कॅनडाच्या 'इंजिनिअर्स विदाउट बॉर्डर्स'च्या एका स्वयंसेवकानं हे गावोगाव जाऊन बघितलं आणि जाहीरपणे लिहिलं. मला वाटतं, एखादी विहीर बांधून त्यानं जेवढं साधलं असतं त्यापेक्षा हे काम मोठं होतं. याच संस्थेनं २००८ पासून दरवर्षी आपल्या फसलेल्या कामांचा अहवाल छापायला सुरुवात केली. स्वयंसेवी कामात यायची इच्छा असणाऱ्या प्रत्येक मुलाला मी ते अहवाल वाचायला सांगते.

याच्या उलट उदाहरण आपल्या घरचं आहे. साठच्या दशकात आपल्याकडे गावात बसवलेले हातपंप हे खरं तर एका कुटुंबापुरते, ओतीव लोखंडाचे होते. अख्खं गाव दिवसभर हापसायला लागलं की ते मोडायचे. खडकाळ भागात बोअर मारून देणाऱ्या संस्थांच्या जालना आणि सोलापूरच्या वर्कशॉपांत त्यावर उपाय शोधला गेला. पोलादी अंग आणि एकाच सांध्यावर हलणारी मजबूत दांडी. सोलापूर पंपावरून पुढे केंद्र सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांनी मिळून सत्तरच्या दशकात इंडिया मार्क टू घडवला. तो सरकारी प्रमाणकात बसला, देशभर लागला आणि मग आफ्रिकेत गेला. लिराच्या शिवारात तो पंप बघून मला भरून येतं, ते आपलं नाव मोठं झालं म्हणून नाही. दुष्काळी गावात रोज मोडणाऱ्या पंपाशी झटणाऱ्या माणसांनी तो घडवला, म्हणून तो इतकी वर्षं टिकला. आफ्रिकेनंही पुढची पायरी स्वतः गाठली. १९८० च्या दशकात मलावी आणि केनियातल्या कामातून आफ्रिडेव्ह पंप आला. त्यात वायसर बदलायला पाइप काढावेच लागत नाहीत, पिस्टन पाइपमधूनच वर ओढून घेता येतो. गावातल्या दोन बायका थोड्या अवजारांनी ते करतात, मी बघितलंय. तिकटी नाही, चाळीस किलोमीटरवरचा मेकॅनिक नाही.

'आपल्याकडे काय गरज कमी आहे का?' असंही कोणी विचारतं. नाही, कमी नाही. पण इथे भूजलाचं काम जाणणारी माणसं जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत आणि मी नोकरीची सगळी वर्षं इथल्याच गावांना दिली आहेत.

या कोरड्या हंगामात मात्र मी जाणार नाही. लिरा भागातल्याच दोन तरुण इंजिनिअर मुली आता पीएचची पाहणी करतात, मोजणी मला फोनवर पाठवतात, आणि शंका आली तरच आम्ही बोलतो. त्यांचा दिवसाचा भत्ता आणि मोटरसायकलचं पेट्रोल यावर तिकिटाचे पैसे खर्च झाले. तुमच्यापैकी ज्यांना तिथे जायचंय त्यांनी मला पत्र जरूर लिहावं. मात्र किती दिवस जाऊ शकता ते आधी सांगू नका. तुम्हाला पाण्याची तपासणी येते का, बोअरच्या नोंदी वाचता येतात का, काळ्या मातीतल्या पायाचा हिशेब करता येतो का, आणि परत आल्यावर चार-पाच वर्षं रात्री-अपरात्री आलेल्या फोनला उत्तर द्याल का, ते लिहा. सध्या पाणी कार्यालयाला भूजल रसायनशास्त्र जाणणारा एक माणूस आणि नकाशावर पंपांच्या नोंदी चढवणारं कोणीतरी हवं आहे. दुसरं काम पुण्यात किंवा लातुरात बसूनही होईल.