वाघ वाळेपर्यंत

दुपारी कपाट आवरताना जलरंगांची जुनी पेटी हाती लागली आणि तिच्यातल्या पिवळ्या वडीला गेलेले तडे पाहून मला एकदम माझा वाघ आठवला. तेव्हा मी नऊ-दहा वर्षांचा असेन. वाघ आणि रानरेडा यांची झुंज काढायचे ठरवून मी आधी वाघ रंगवला आणि तो ओला असतानाच शेजारी रेड्याचा काळा रंग भरायला घेतला. बघता बघता रेडा वाघाच्या मानेत शिरला, वाघ रेड्याच्या पोटात उतरला आणि दोघांचे मिळून एक शेवाळी डबके झाले. थोरल्या भावाने कागद उलटसुलट करून पाहिला आणि गंभीरपणे विचारले, "यात जिंकलं कोण?"

तेव्हापासून झुंजीचे जलरंगातील कोणतेही चित्र पाहिले की माझी नजर आधी दातांकडे जाते. सुळा पांढरा दिसायला हवा असेल, तर तेवढा कागद पहिल्यापासून कोरा राखावा लागतो. मागाहून पांढरा रंग लावणे मला लबाडीचे वाटते. माझ्या या सोवळ्याला मोगल चित्रकार नक्कीच हसले असते. त्यांचे रंगही पाण्यातलेच, पण अपारदर्शक, त्यामुळे गडदावर उजळ रंग चढवायला त्यांना काहीच अडचण नव्हती. अकबरनाम्यातल्या एका प्रसिद्ध चित्रात १५६१ मधील प्रसंग आहे: हवाई नावाच्या बेफाम हत्तीवर बसलेला अकबर, पुढे पळणारा रणबाघ हत्ती आणि दोघांच्या भाराने मोडू लागलेला होड्यांचा पूल. रेखाटन बसावनचे आणि रंग चेतर मुंतीचा. रंगाची जबाबदारी दुसऱ्यावर सोपवण्याची ही सोय मला त्या वयात फार उपयोगी पडली असती.

मला जवळचा वाटतो तो मात्र फ्रेंच शिल्पकार आंत्वान-लुई बारी. पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात तो चित्रकार देलाक्र्वासोबत प्राण्यांचा अभ्यास करी. तिथला सिंह मेल्यावर, धावत ये, अशी चिठ्ठी देलाक्र्वाने त्याला पाठवली होती. सुसरीला फाडणारा वाघ घडवून बारीने १८३१ च्या प्रदर्शनात नाव मिळवले, पण त्याच्या कितीतरी जलरंगचित्रांत वाघ एकटाच, फोंतेनब्लोच्या जंगलातल्या खडकांवर पहुडलेला दिसतो. त्या जंगलात वाघ नव्हते, ही गोष्ट वेगळी. दुसरे जनावर रंगवायला घेण्याआधी पहिले वाळण्याची वाट पाहायला तोही कंटाळला असावा, असा माझा आपला एक तर्क आहे, आणि त्याला आधार माझ्या स्वभावाखेरीज दुसरा कशाचाही नाही.

कारण जलरंग धीर मागतो आणि झुंजीला धीर नसतो. आता मी वाघ पुरता वाळू देतो, पण तोवर माझाच आवेश ओसरतो आणि मग रेडा येतो तो वाघाची विचारपूस करायला आल्यासारखा. आजही पिवळी वडी भिजवून वाघ काढला, सुळे कोरे राखले, कागद खिडकीपाशी वाळत ठेवला. संध्याकाळ झाली, रेडा अजून कागदावर आलेला नाही.