पहिल्या मीटिंगच्या दाराला कुलूप होतं : माझा अनुभव

दारू सोडायची हे मी किती वेळा ठरवलं त्याला गणतीच नाही. सोमवारपासून, एक तारखेपासून, वाढदिवसापासून. बाई असून पिते हे कुणाला कळू नये म्हणून सगळं लपूनछपून, मग मदत तरी कुणाकडे मागणार? एका संध्याकाळी मुलीने माझ्या हातातला ग्लास बघितला नि काही न बोलता आपल्या खोलीचं दार लावून घेतलं. त्या रात्री मी फोनवर दारू सोडणाऱ्यांच्या मीटिंगा शोधायला बसले.

पुढचं सांगायच्या आधी एक गोष्ट, कारण ती जिवावरची आहे. रोज भरपूर पित असाल तर एकदम बंद करू नका, आधी डॉक्टरांना गाठा. मला हे माहितीच नव्हतं. मी आपली मनाने बंद केली नि दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, घाम, छातीत धडधड, झोपेचा पत्ता नाही. डॉक्टर म्हणाले वेळेवर आलात, अशात फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांनी भास होऊन माणूस भ्रमात जातो, जीवही जातो. औषधं दिली आणि रोज तपासायला बोलावलं. मीटिंगने हे काम होत नाही.

आता शोधाशोध. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही पिणाऱ्यांसाठी. अ‍ॅल-अ‍ॅनॉन ही वेगळी, ती घरच्यांसाठी, मला आधी दोन्ही एकच वाटलेलं. ओपन मीटिंगला कुणीही जाऊन बसू शकतं, क्लोज्डला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायचीय तोच. मी एक पत्ता लिहून घेतला, कसाबसा धीर करून गेले, तर दाराला कुलूप. यादी जुनी होती, मीटिंगची जागा कधीच बदललेली. ते कुलूप बघून मला चक्क बरं वाटलं, म्हणलं चला, आपण प्रयत्न तर केला, आणि घरी येऊन प्यायले.

दोन दिवसांनी एएच्या हेल्पलाइनला फोन लावला, तोही पिऊनच. पलीकडचे काका म्हणाले, "ताई, आत्ता घेतलीय का? असू दे, बोला तुम्ही." ओरडा नाही की उपदेश नाही. त्यांनी एका बाईंना मला फोन करायला सांगितलं आणि त्या बाई मीटिंगच्या दिवशी रस्त्यावरच येऊन थांबल्या, मला एकटीला आत जावं लागू नये म्हणून. तुम्हालाही यादी बघून नुसतं जाऊन धडकण्यापेक्षा मी हेच सांगेन, आधी फोन करा, आजची मीटिंग नक्की आहे का विचारा, सोबत कुणी येईल का तेही विचारा, लाजू नका.

आत फॉर्म नाही, फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा एवढी एकच अट. पेटी फिरते पण नवीन माणसाने टाकलंच पाहिजे असं नाही. मी दाराजवळच्या खुर्चीत बसले. एका दादांनी पाण्याचा ग्लास दिला, अर्धाच भरलेला, नि मला नंतर लक्षात आलं की माझे हात बघून त्यांनी तो अर्धा भरला होता. मग एकेक जण बोलायला लागला, मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ले देत नाही. एक जण म्हणाला मी बाटली फ्लशच्या टाकीत ठेवायचो. मी पण तिथेच ठेवायचे! इतकी वर्षं वाटायचं हे असलं फक्त मीच करते. माझी पाळी आली तेव्हा म्हणलं, मी आज नुसती ऐकते, तर सगळे म्हणाले चालेल.

तरी तो ग्रुप माझा नव्हता, सगळे पुरुष, मला काही गोष्टी तिथे बोलता येईनात. तिसरा ग्रुप बायकांचा ऑनलाइन मिळाला, तिथे जमलं. एका मीटिंगवरून ठरवू नका एवढंच कळकळीचं सांगणं. एएच्या बारा पायऱ्या, म्हणजे दारूतून सुटायच्या वाटेवरची बारा पावलं, त्यातलं देवाचं बोलणं कुणाला अडतं, 'जसा तुम्हाला उमगेल तसा' असं म्हणतात पण तरी अडतं, त्यांच्यासाठी स्मार्ट रिकव्हरी नावाची दुसरी संस्था आहे, १९९४ पासून, तिथे देवधर्म नाही.

त्या सोबतीला आलेल्या बाई पुढे माझ्या स्पॉन्सर झाल्या, म्हणजे आधी सोडलेल्या नि नवीन माणसाला हात देणाऱ्या. त्यांनी मला एए सुरू करणाऱ्या बिलची गोष्ट सांगितली. १९३५ साली अमेरिकेत अ‍ॅक्रनच्या एका हॉटेलात तो उभा होता, धंद्याचं काम फसलेलं, एकीकडे बार नि दुसरीकडे फोन. त्याने फोन लावत लावत दुसरा एक पिणारा गाठला, डॉक्टर बॉब, नि तिथून एए सुरू झालं. "प्यायच्या आधी फोन, प्यायल्यावर नाही," बाई म्हणाल्या.

पाचव्या महिन्यात मी तो फोन केला नाही. स्लिप झाली, म्हणजे परत प्यायले. दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये "आज पहिला दिवस" म्हणताना जीभ जड झाली होती, पण कुणी तोंड वाकडं केलं नाही, खुर्ची पुढे सरकवली.

आता चौदा महिने झालेत. ऑनलाइनसोबत मी गुरुवारच्या मीटिंगलाही जाते आणि त्या खोलीची चावी माझ्याकडे असते. अर्धा तास आधी जाऊन दार सताड उघडं ठेवते, नि वेळ किंवा जागा बदलली की त्याच दिवशी फोन करून यादी दुरुस्त करून घेते.