भाजीच्या वहीची मागची पानं

27 मार्च 2020, डोंबिवली

वह्यांचं दुकान बंद. म्हणून सोसायटीच्या भाजीच्या वहीतच मागच्या बाजूने लिहायला घेतलंय. पुढून 22 घरांचा हिशेब, मागून मी.

परवाचा पाडवा साखरेच्या गाठीविनाच झाला. कडुलिंब तेवढा खालच्या झाडाचा मिळाला. वॉचमनभय्यांनी सगळ्यांना पुरतील एवढे डहाळे तोडून जिन्याच्या कठड्यावर ठेवले होते.

रविवारच्या जनता कर्फ्यूपासून लोकल बंद आहे. आमच्या खिडकीतून रूळ दिसतात. या घरात आल्यापासून पहिल्या गाडीच्या धडधडीनेच जाग यायची. आता कोकिळा उठवते असं लिहिलं तर छान दिसेल, पण मुळात झोपच लागत नाही.

14 एप्रिल

लॉकडाऊन 3 मेपर्यंत वाढला. कांदे 40 किलो, बटाटे 30. कोथिंबिरीवरून भांडण.

26 एप्रिल, अक्षय्य तृतीया

देवगडहून हापूसचा टेम्पो थेट फाटकात! बाजाराचा भरवसा नाही म्हणून बागायतदार स्वतःच सोसायट्यांतून गिऱ्हाइकं शोधतायत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं माहेर तिकडचं, त्यांनी फोनाफोनी करून जमवलं. 5 डझनांच्या 19 पेट्या उतरल्या. मास्क लावलेल्या माणसांना आंब्याचा वास घेता येत नाही, हा शोध आज लागला. सगळे एकेक करून मास्क खाली ओढत होते.

एका घरात पगार अर्ध्यावर आलाय. त्यांनी एकच डझन घेतला, वर म्हणाले, "आम्हाला आंबा सोसत नाही फारसा." काकूंनी संध्याकाळी आपल्या पेटीतला एक डझन त्यांच्या दाराशी ठेवला आणि मला वहीत लिहायला लावलं, 'साका निघाला, बदली दिली.' आंबे अजून हिरवेगार आहेत, आढीत जायचेत. साका म्हणजे आतला खराब गर, तो कापल्याशिवाय कळत नाही, हे त्या घरालाही ठाऊक आणि काकूंनाही. मी मुकाट्याने लिहिलं. 18 वर्षं अकाउंट्समध्ये काढली, जाणूनबुजून केलेली खोटी नोंद ही पहिलीच.

8 मे

करमाडजवळ पहाटे मालगाडीखाली 16 मजूर गेले. जालन्याहून रुळांच्या कडेने चालत भुसावळकडे निघाले होते, थकून रुळांवरच झोपले. गाड्या बंद आहेत, असंच वाटलं असेल. मलाही या खिडकीत तसंच वाटतं, आणि मग रात्री मालगाडी गेली की दचकून उठते. रुळांत पडलेल्या पोळ्यांचा फोटो पाहिला आणि टीव्ही बंद केला.

संध्याकाळी कचरा टाकायला खाली गेले, तर वॉचमनभय्या म्हणाले, "हम भी पैदल निकलनेवाले थे, मॅडम." वहीत त्यांचा एक रकाना आहे: कुठल्या दिवशी कुणाकडून पोळ्या. तो भरताना मी खूश असायची. पोळ्या मिळाल्या तरी माणसाला घरी जायचं असतं, हे त्या रकान्यात कुठे मावणार?

10 मे

श्रमिक गाडीसाठी भय्यांचा फॉर्म भरला. तो पोलीस ठाण्यात द्यायचा, सोबत डॉक्टरचं सर्टिफिकेट असलेलं बरं, असं सगळे म्हणाले. दवाखान्यांपुढे रांगा, काही तर बंदच. शेवटी दुसऱ्या मजल्यावरच्या सिस्टरांचं दार वाजवावं लागलं.

त्या एसटीने मुंबईला ड्यूटीला जातात. एप्रिलमध्ये सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी लिहिलं होतं, सिस्टरांनी काही दिवस तिकडेच राहावं. खाली सात अंगठे आले होते. माझा त्यात नव्हता, पण मी विरोधातही एक अक्षर लिहिलं नव्हतं. त्यांनी दारातूनच फॉर्म घेतला, ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला, "उद्या दहाला पाठवा त्यांना" म्हणाल्या. आत या म्हणाल्या नाहीत. संसर्गाची काळजी असेल. असेलही.

19 मे

भय्या गेले. कल्याणहून गाडी मिळाली. सोबत काकूंच्या दशम्या-चटणी आणि प्रत्येक घराकडून काही ना काही. फाटकाशी आता आम्हीच पाळीने बसतो, आणि दुपारी दोनला हमखास डुलक्या काढतो.

15 जून

पहाटे धडधड झाली आणि मी उठून खिडकीत गेले. लोकल! अत्यावश्यक सेवेतल्यांपुरतीच, पण लोकल. थोड्या वेळाने सिस्टर छत्री घेऊन फाटकातून बाहेर पडताना दिसल्या. वरून हात केला. त्यांनी पाहिलं की नाही, कळलं नाही.

पुढचा हिशेब आणि मागची मी यांच्यात आता चारच पानं उरलीत. सिस्टरांच्या नावावर दोडक्यांचे 60 रुपये बाकी दिसतायत, एप्रिलपासूनचे. मागायला कोणी गेलेलं नाही.