रिटर्नची नळी

मस्कतला आमचा आठवडा गुरुवारी संध्याकाळी संपतो, शुक्रवार-शनिवार सुट्टी, त्यामुळे गुरुवारी दुपारी तीननंतर गेटातून जी गाडी आत येते तिच्याकडे कोणी खुशीने बघत नाही. जानेवारीतला असाच एक गुरुवार, पावणेचार वाजले होते आणि एक जुनी लँड क्रुझर आत आली. ७८ सिरीज, जिला ट्रूप कॅरियर म्हणतात ती, लांबलचक, मागे झोपायची सोय केलेली, नंबरप्लेट जर्मनीची. आतून नवरा-बायको उतरले, दोघंही साठीच्या पुढचे. गाडीवर बोटभर धूळ, पण बाईंच्या हातातली वही मात्र एकदम स्वच्छ.

मी मूळ खेडकडचा. मस्कतमधल्या घाला भागातल्या सनायात (इकडे इंडस्ट्रियल एरियाला सगळे सनायाच म्हणतात) डिझेल गाड्यांवर काम करतो, सोळा वर्षं झाली. हाताखाली दापोलीकडचा एक पोरगा आहे, नात्यातला नाही पण मला काका म्हणतो. आमचा फोरमन मल्याळी, तो पगाराच्या हिशोबात अडकलेला, म्हणून त्याने मलाच पुढे केलं.

तक्रारी दोन होत्या. एक म्हणजे चालताना मागून डिझेलचा वास येतो, आणि दुसरी म्हणजे मेन टाकीचा काटा चुकीचं दाखवतो. गाडीला कंपनीची ९० लिटरची टाकी होतीच, त्यांनी निघण्याआधी युरोपातल्या एका वर्कशॉपमधून मागच्या ॲक्सलच्या मागे अजून एक ९० लिटरची सब टाकी बसवून घेतली होती. म्हणजे एकूण १८०. डॅशबोर्डवर एक स्विच, मेन आणि सब, आणि काटा एकच, ज्या टाकीवर स्विच असेल तिचंच दाखवणारा. आता त्यांचं म्हणणं असं की मेन अर्धी झाली की आम्ही सबवर टाकतो, सब भसाभस संपते, परत मेनवर आलो की काटा अर्ध्यावर असायला हवा तर तो फुल दाखवतो. वाटेत एका गॅरेजने काट्याचा सेंडर (टाकीतल्या डिझेलचं माप काट्याला कळवतो तो) बदलला, दुसऱ्याने टाकीचं झाकण बदललं, तिसऱ्याने सब टाकी गळते म्हणून उतरवून पाण्यात बुडवून बघितली. पैसे तिघांनीही घेतले, फरक शून्य.

मी वही मागितली. खरं सांगतो, इतक्या वर्षांत गिऱ्हाइकाने लिहिलेला असा हिशोब मी बघितला नव्हता, प्रत्येक पंपावर किती लिटर, किती किलोमीटर, कुठल्या टाकीवर, सगळं तारखेसकट. मेनवर गाडी लिटरला ८ किलोमीटर देत होती. १एचझेड इंजिन, ४.२ लिटरचं, सहा सिलिंडर, टर्बो नाही, एवढी अवजड गाडी, त्या मानाने ८ म्हणजे ठणठणीत. पण सबवर ९० लिटरमध्ये जिथे ७०० व्हायला हवेत तिथे गाडी कधी २४०, कधी २५० किलोमीटरवर थांबलेली. तीन वेळा लिहिलेलं होतं, तिन्ही वेळा जवळपास सारखंच. आता गळती अशी वेळ सांभाळून गळत नाही. तेव्हाच माझ्या मनात आलं की डिझेल गळत नाहीये, ते कुठेतरी जातंय.

गाडी लिफ्टवर घेतली. सब टाकी खालून कोरडी, वेल्डिंगची रेघसुद्धा स्वच्छ, काम चांगलं केलेलं होतं, आत बॅफल म्हणजे आडवे पत्रेही घातलेले. बॅफल नसेल तर अर्ध्या भरलेल्या टाकीतलं डिझेल वळणावर इकडून तिकडे आपटतं आणि ब्रॅकेटला तडे जातात, ते इथे नव्हतं. मग मी मेनच्या भरणीच्या तोंडाखाली बॅटरी मारली आणि तिथे दिसलं. झाकणाच्या खालून चेसिसपर्यंत चार बोटं रुंद काळा ओघळ. डिझेलवर धूळ बसत गेली की ती मऊ लोण्यासारखी होते आणि मग वर थरावर थर चढत जातात. नखाने खरवडला तर आत तीन रंगांची माती, एक लालसर, एक पांढरट, एक आपली इथली पिवळी. म्हणजे तीन देशांपासून हे चाललेलं. गळत होती ती मेन, आणि तीसुद्धा वरून, भरून ओसंडल्यासारखी.

पोरगा म्हणाला, "काका, गाडी सबवर चालते तेव्हा मेन भरतेच कशी?"

त्याला समोर बसवून सांगितलं ते इथेही लिहितो, कारण जास्तीची टाकी लावणारे नेमके इथेच चुकतात. डिझेल इंजिनचा पंप टाकीतून जेवढं डिझेल ओढतो तेवढं सगळं जळत नाही. ह्या जुन्या पंपाला वंगणही डिझेलचंच आणि थंडावाही डिझेलचाच, म्हणून तो गरजेपेक्षा कितीतरी जास्त ओढतो आणि उरलेलं रिटर्नच्या नळीने परत टाकीत पाठवतो. एक टाकी असेल तर प्रश्नच नाही, जिथून आलं तिथे गेलं. दोन टाक्या असल्या की ओढायची नळी बदलून भागत नाही, रिटर्नची नळीही त्याच वेळी त्याच टाकीकडे वळली पाहिजे. इथे मी खालून नळ्यांचा माग काढत गेलो तर स्विचचा व्हॉल्व्ह तीन तोंडांचा निघाला, दोन टाक्यांमधून आत, एक इंजिनकडे बाहेर, आणि रिटर्नची नळी त्याला वळसा घालून सरळ मेनमध्ये, कायमची. स्विच कुठेही असो, उरलेलं डिझेल मेनमध्येच पडणार.

गिऱ्हाइकाला तोंडी सांगून पटलं नाही, आणि त्यांचं चूक नव्हतं, तिघांनी तीन गोष्टी आधीच सांगितल्या होत्या. मग मी मेनवरची रिटर्नची नळी काढली, लिटरची पाण्याची रिकामी बाटली लावली आणि पोराला स्विच सबवर ठेवून इंजिन चालू करायला सांगितलं. नुसत्या आयडलला मिनिटभरात बाटली चार बोटं भरली, बाई घड्याळ धरून उभ्या होत्या. रेस दिली तशी धार जाड झाली. साहेब त्या बाटलीकडे बघत राहिले आणि मग त्यांनी स्वतःच वही उघडून हिशोब मांडला. सबवर २५० किलोमीटर, लिटरला ८, म्हणजे जळलं ३१ लिटर. टाकीत होतं ९०. उरलेलं ५९ मेनमध्ये गेलं, मेनमध्ये जागा होती ४५ ची, वरचं १४ रस्त्यावर. दर खेपेला.

हे इतपत असतं तर मी म्हटलं असतं की रविवारी या, पार्ट मागवतो. पण मी सहज विचारलं की आता पुढे कुठे. तर म्हणे शनिवारी सकाळी निघायचं, हैमावरून दक्षिणेला थुमरेत गावी, तिथे दोन्ही टाक्या गळ्यापर्यंत भरायच्या आणि अजून दोन गाड्यांबरोबर रुब अल खाली ह्या वाळवंटात शिरायचं, साडेपाचशे-सहाशे किलोमीटर फिरून परत थुमरेतलाच यायचं. मधे पंप नाही. वाळूत ही गाडी लिटरला ४ देईल असं धरलं होतं, १८० लिटरचे ७२० होतात, बरोबर होतं त्यांचं. मग मी विचारलं, "कुठली टाकी आधी वापरणार?"

ते म्हणाले, "ह्या वेळी सब आधी. मागचं वजन आधी उतरू दे, म्हणजे गाडी वाळूत बसणार नाही."

विचार अगदी योग्य. ९० लिटर डिझेल म्हणजे ७५ किलो, तेही ॲक्सलच्या मागे लोंबणारं, मऊ वाळूत ते आधी कमी केलेलं चांगलंच. पण मेन काठोकाठ भरलेली असताना सबवर गाडी चालवली तर रिटर्नचं सगळं डिझेल पहिल्या मिनिटापासून झाकणाच्या ब्रीदरमधून, म्हणजे हवेच्या वाटेतून, बाहेर. ४५ लिटरची जागासुद्धा नाही. सबमधलं साधारण ६० लिटर वाळूत ओतलं गेलं असतं, लिटरला ४ ने २४० किलोमीटर, आणि काटा सबचा, त्यामुळे मेनच्या तोंडातून काय चाललंय ते आत बसून कळणारही नाही. मी हे सांगितलं तेव्हा बाईंनी वही मिटली आणि नुसत्या नवऱ्याकडे बघितलं.

मी फोरमनकडे गेलो, म्हटलं ही गाडी अशी सोडायची नाही. त्याने अरबाबला, म्हणजे आमच्या मालकाला, फोन लावला. अरबाब म्हणाला शटर अर्धं खाली करा आणि करा काम, लाईटबिलाचं मी बघतो. तसा आमचा अरबाब नव्या टाक्या बसवू देत नाही, पोलिसांच्या परवानगीशिवाय इथे गाडीत बदल चालत नाहीत, पण हे आधीच्या टाकीचं बिघडलेलं दुरुस्त करणं होतं.

हवा होता सहा तोंडांचा व्हॉल्व्ह, जो ओढायची आणि रिटर्नची अशा दोन्ही नळ्या एकदम फिरवतो. नवा मिळणं शक्यच नव्हतं, साडेपाच वाजलेले. दोन गल्ल्या सोडून एका पठाणाचं जुन्या स्पेअरपार्टचं दुकान आहे, तो कुलूप लावत होता. मोडीत निघालेल्या एका दोन टाक्यांच्या लँड क्रुझरचा व्हॉल्व्ह त्याच्याकडे निघाला, मोटारीसकट, मातीने माखलेला. आणून धुतला, बॅटरीवर लावला, मोटार फिरली. मोटार फिरली म्हणजे आतली वाट बदललीच असं मात्र धरून चालत नाही. मग एकेका तोंडाला नळी लावून तोंडाने फुंकून बघितलं, मी फुंकायचो आणि पोरगा पलीकडच्या तोंडांवर बोटं ठेवून सांगायचा हवा कुठून येते. मेन, सब, मेन, सब, वीस वेळा फिरवला, वीसही वेळा दोन्ही वाटा बरोबर एकत्र बदलल्या. तेव्हा कुठे गाडीखाली गेलो.

जुन्या नळ्यांपैकी दोन तर पाण्याच्या निघाल्या. रेडिएटरला चालणारं रबर डिझेलला चालत नाही, फुगून शेवाळासारखं बुळबुळीत होतं, बोटाने दाबलं तर दबलेलंच राहत होतं. सगळ्या डिझेलच्या नळ्या घातल्या, प्रत्येकीवर पांढऱ्या पेंटने खूण केली, ब्रीदर साफ केले, सब टाकीचा ब्रीदर उंचावर नेऊन बांधला. आतलं डिझेल कमी होतं तेवढी हवा आत शिरायला लागते, ती वाट धुळीने बुजली की टाकीत ओढ तयार होते आणि पंप नुसता झगडत बसतो. मग फिल्टरवरचा हातपंप दाबून दाबून हवा काढली. साडेदहाला इंजिन चालू झालं. बाई शेवटपर्यंत बॅटरी धरून उभ्या होत्या, दोनदा खुर्ची दिली, बसल्या नाहीत.

मला विचाराल तर नवीन टाकी लावताना ह्या व्हॉल्व्हच्या भानगडीत पडूच नये. सब टाकीतून छोट्या बारा व्होल्टच्या पंपाने डिझेल मेनमध्ये घ्यायचं, इंजिनने कायम मेनवरच चालायचं, रिटर्नही मेनमध्येच. फक्त मेन अर्धी झाल्याशिवाय पंप चालू करायचा नाही, आणि ती भरत आली की लगेच बंद करायचा. आणि गावाकडून भाचे-पुतणे विचारतात की लडाखला जायचंय, आपल्या थारला लावू का, त्यांना मी सरळ नाही म्हणतो. एक तर मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आहे, आरसी बुकात नोंदलेल्या गाडीत असा बदल परस्पर करता येत नाही. आणि दुसरं म्हणजे गरजच नाही. मनाली-लेह रस्त्यावरच्या तांदीच्या पंपावरची ती प्रसिद्ध पाटी पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर सांगते, थारची टाकी ५७ लिटरची आहे, घाटात लिटरला १० धरले तरी तुम्ही पोचता.

शुक्रवारी सकाळी चाचणी घेतली. मी सुट्टीच्या दिवशी नमाजाच्या वेळेआधी रस्ते मोकळे असतात तेव्हा निघालो, साहेब चालवायला, मी बाजूला, पोरगा आणि बाई मागे. पंपावर दोन्ही टाक्या तोंडापर्यंत भरल्या, स्विच सबवर टाकला, बिदबिदच्या पुढे जाऊन परत त्याच पंपावर, बरोबर १०० किलोमीटर. आधी नोझल मेनमध्ये घातलं. लगेच टक करून बंद पडलं, थेंब घेतला नाही, आणि झाकणाखालचा मी आदल्या रात्री पुसलेला चेसिस कोरडा ठणठणीत. मग सबमध्ये घातलं, १२.४ लिटर. बाईंनी भागाकार करून वही माझ्यापुढे धरली, ८.०६. साहेबांनी माझा हात दोन्ही हातांत धरला तो बराच वेळ सोडला नाही. माझ्याही घशाशी आलं होतं.

बारा दिवसांनी फोरमनच्या फोनवर मेसेज आला, थुमरेतहून, वहीच्या पानाचा फोटो. वाळूत ५७५ किलोमीटर, वापरलं १४७ लिटर, शिल्लक ३३. पोरगा बराच वेळ तो फोटो मोठा करून बघत होता. मग त्याने जॉबकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला ३३ लिहिलं, त्याच्या खाली ६० लिहिलं, वजाबाकीची रेघ मारली, आणि खाली काही न लिहिता पेन ठेवून दिलं.