खंबाटकीच्या बोगद्यात

फाइल चांगली जाडजूड होती. ईसीजीच्या पट्ट्या, टू-डी एको, स्ट्रेस टेस्ट, थायरॉइड, रक्तातली साखर आणि वर हृदयरोगतज्ज्ञांचं पत्र. सगळीकडे एकच निष्कर्ष, नॉर्मल. ती फाइल टेबलावर ठेवून समोरचा गृहस्थ म्हणाला, "समदं नॉर्मल हाय म्हंत्यात. मग मला हुतंय काय? जो त्यो म्हंतोय टेन्शन घिऊ नका. मी कुठं घेतोय मॅडम, ते आपसूक येतंय."

मी साताऱ्यात क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणारी बरीच माणसं आधी हृदयाच्या, पोटाच्या नाहीतर मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊन आलेली असतात. मधल्या काळात देवऋषीही झालेला असतो. यांना आपण दत्ताभाऊ म्हणू. हे त्यांचं खरं नाव नाही, आणि ओळख पटू नये म्हणून इतर काही तपशीलही बदलले आहेत. वय चाळिशीच्या आसपास, गाव कोरेगावकडचं. स्वतःची पिकअप. आलं, फ्लॉवर, वाटाणा, ज्याचा हंगाम असेल तो माल रात्री भरायचा आणि पहाटेच्या आत पुण्याला गुलटेकडीच्या मार्केट यार्डात पोचवायचा, हा त्यांचा धंदा.

साताऱ्याहून पुण्याला जाताना वेळे गाव मागे पडलं की खंबाटकीचा बोगदा लागतो. तेव्हा पुण्याहून येणारी वाहनं घाट चढून यायची आणि जाणारी बोगद्यातून जायची. बोगदा जेमतेम किलोमीटरभराचा, रस्ता मोकळा असेल तर मिनिट-दीड मिनिटात पार होतो. एका रात्री आत एक ट्रक बंद पडला आणि मागची सगळी रांग तुंबली. उकाडा, डिझेलचा धूर, मागून हॉर्न. दत्ताभाऊंची छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना, आणि आपण आता इथेच जाणार अशी त्यांची खात्री झाली. बाहेर पडल्यावर गाडी बाजूला घेऊन त्यांनी भावाला फोन केला. रात्र दवाखान्यात गेली, सकाळी घरी सोडलं.

खरा आजार त्यानंतर सुरू झाला. पुन्हा तसं होईल का, याची वाट बघणं. छातीत जरा कुठे हललं की मनगटाची नाडी चाचपणं. मग त्यांनी बोगदाच टाळला. वाईवरून मांढरदेवचा घाट चढून भोरमार्गे कापूरहोळला निघायला लागले. रात्री, भरलेली गाडी घेऊन, त्या वळणांवरून! एका मिनिटाचा बोगदा चुकवायला त्यांनी जो रस्ता धरला, त्यावर खराखुरा धोका कितीतरी जास्त होता. पण त्या रस्त्याने छाती धडधडत नव्हती. घरच्यांनी त्याचा अर्थ असा लावला की काळूबाईचं काहीतरी राहिलंय, तीच याला आपल्या वाटेने बोलावते आहे. नवस फेडला, ओटी भरली, आईने मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढली. घरातल्यांना त्याने धीर आला, आणि घरात धीर असणं ही लहान गोष्ट नाही. बोगद्याची भीती मात्र जागची हलली नाही. पुढे तर कात्रजच्या बोगद्याच्या नुसत्या आठवणीनेही घाम फुटायला लागला, आणि गाडी मेहुण्याच्या हाती गेली.

आमच्या कामाबद्दल लोकांचा एक समज आहे की सायकॉलॉजिस्ट म्हणजे शांतपणे ऐकून घेणारा, गोड बोलून समजूत घालणारा, चार चांगले सल्ले देणारा माणूस. ऐकून घेणं लागतंच, त्याच्याशिवाय पान हलत नाही. पण पॅनिकच्या आजारात, म्हणजे असे अचानक भीतीचे झटके येण्याच्या आजारात, समजूत घालून काही होत नाही. दत्ताभाऊंची समजूत गावातल्या प्रत्येकाने घातली होती.

पहिल्या काही भेटींत आम्ही कागदावर एक वर्तुळ काढलं. छाती धडधडते, मनात येतं 'अटॅक आला', त्या विचाराने भीती वाढते, भीतीने शरीरात ॲड्रिनलिन सुटतं आणि छाती आणखी जोरात धडधडते. पॅनिकची ही मांडणी ऑक्सफर्डच्या डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये केली. धडधडीपेक्षा धडधडीचा आपण लावलेला अर्थ माणसाला लोळवतो, हे तिचं सार. दत्ताभाऊंनी वर्तुळ बघितलं, मान डोलावली आणि म्हणाले, "पटतंय. पर बोगद्यात ह्यो कागद कामाला येणार न्हाई." ते बरोबरच बोलत होते.

म्हणून मी त्यांना खुर्चीत बसूनच जोरजोरात, खोल श्वास घ्यायला लावले. मिनिटभर, न थांबता. हृदय ठणठणीत असल्याचं हृदयरोगतज्ज्ञांकडून लेखी घेतलं होतं, दमा नव्हता, फिट येत नव्हती. ही खात्री करून घेतल्याशिवाय हे करायचं नसतं. अर्ध्या मिनिटातच त्यांचे डोळे मोठे झाले. बोटांना मुंग्या, ओठ बधिर, डोकं हलकं, छातीत धडधड. "ह्येच! मॅडम, ह्येच हुतंय बोगद्यात!" ते जवळजवळ ओरडलेच. गरजेपेक्षा जास्त श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या थोड्या आकसतात आणि ही सगळी लक्षणं उमटतात. ज्याला ते महिनोन्महिने मरण समजत होते, ते माझ्या खोलीत, पंख्याखाली, भरदिवसा, स्वतःच्या श्वासाने तयार झालं होतं. थोड्या वेळाने ते आपोआप उतरलंही. त्यांनी परत करून बघितलं. मग स्ट्रॉमधून श्वास घेऊन बघितला, जिना पळत चढून बघितला. घरी रोज करून वहीत लिहायला सांगितलं, आणि त्यांनी ते मन लावून केलं. शाळा लवकर सुटलेल्या या माणसाची वही इतकी नीट होती की ती पुढच्या भेटीत वाचताना मला फार आनंद झाला.

एवढं झाल्यावर बोगद्याचा दिवस ठरवला. आठवड्यातला मधला वार, सकाळची वेळ, गाडी रिकामी. पुढे तिघांची जागा. मेहुणा, मी आणि दत्ताभाऊ. निघण्याआधी पार्किंगमध्ये मी त्यांना खिसे रिकामे करायला सांगितले. शर्टाच्या खिशात सॉर्बिट्रेटची, हृदयविकारात जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची, पट्टी निघाली. ती त्यांना कुणा डॉक्टरांनी दिलेली नव्हती, शेजाऱ्याच्या औषधातून आणलेली होती. झोपेच्या गोळीचा अर्धा तुकडा, कागदात गुंडाळलेला. अंगाऱ्याची पुडी. सीटमागे पाण्याच्या दोन बाटल्या. मोबाइलमध्ये महामार्गावरच्या दवाखान्यांचे नंबर क्रमाने साठवलेले. वाटेतला कुठला दवाखाना रात्रभर उघडा असतो, कुठे ऑक्सिजन आहे, हे त्यांना पाठ होतं.

आमच्या भाषेत या सगळ्यांना सुरक्षा-वर्तन म्हणतात. यातली प्रत्येक वस्तू माणसाला सांगत राहते की मी होते म्हणून तू वाचलास. ती जवळ असेपर्यंत शरीराला कळतच नाही की वाचण्यासाठी तिची गरज नव्हती. अंगाऱ्याबद्दल मी त्यांनाच विचारलं. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "देवीचा हाय तो. पर मी तो देवीसाठी ठेवत न्हाई, भीतीसाठी ठेवतोय. घरी देव्हाऱ्यात ठिवू." त्यांच्या श्रद्धेला हात लावायचा मला अधिकार नाही, आणि ही वाटणी त्यांनी स्वतः केली हे मला फार मोलाचं वाटलं. मानसोपचारतज्ज्ञांनी लिहून दिलेलं रोजचं औषध तसंच चालू होतं. औषधं लिहून देणं हे माझं काम नाही. ऐनवेळी घ्यायच्या अर्ध्या गोळीबद्दल मी मानसोपचारतज्ज्ञांशी आधीच बोलून घेतलं होतं. ती त्या दिवशी घ्यायची नाही, असं ठरलं.

मग एका कागदावर त्यांनी त्यांचं भाकीत लिहिलं. 'बोगद्यात गाडी थांबली तर मी बेशुद्ध पडणार. शंभरपैकी पंच्याऐंशी टक्के खात्री.'

बेशुद्ध पडण्याच्या भीतीबद्दल आम्ही बोललो होतो. घेरी येते ती साधारणपणे रक्तदाब एकदम खाली गेला की. पॅनिकमध्ये हृदय जोरात चालतं आणि रक्तदाब उलट थोडा वर जातो, म्हणून पॅनिकमध्ये माणूस सहसा बेशुद्ध पडत नाही. हे त्यांना तोंडपाठ होतं. तरी कागदावर पंच्याऐंशीच लिहिलं.

पहिल्या फेरीत मेहुणा चालवत होता. भुईंज गेलं, सुरूर गेलं, आणि दत्ताभाऊंचं बोलणं बंद झालं. वेळ्याला त्यांनी दरवाजाची कडी घट्ट धरली. बोगदा आला आणि संपला. पुढे पारगाव खंडाळ्याला वळून घाट चढायचा, उतरून पुन्हा वेळ्याच्या बाजूला वळायचं आणि पुन्हा आत शिरायचं, असा आमचा फेरा होता. काही फेऱ्यांनंतर ते स्वतः स्टिअरिंगवर बसले. घाटात ते इतकं सफाईने चालवत होते की मला त्यांचा हेवा वाटला.

आणि मग, त्यांच्याच हाती गाडी असताना, बोगद्याच्या मध्यावर पुढचे लाल दिवे लागले. एक कंटेनर, त्याच्यापुढे एसटी, त्याच्यापुढे काय ते दिसत नव्हतं. सगळं ठप्प. हे मी ठरवून घडवू शकले नसते, आणि ठरवलंही नसतं.

दत्ताभाऊंनी हँडब्रेक ओढला. मानेवरून घामाचा ओघळ उतरताना दिसला. मेहुणा घाबरून म्हणाला, "दाजी, उतरा, चालत भाईर जावा, गाडी मी बघतो." दत्ताभाऊंनी माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत एकच मागणं होतं, की मी म्हणावं, काही होणार नाही.

ते मी म्हणाले नाही. माझ्या कामातला हा सगळ्यात अवघड भाग आहे. समोरचा माणूस तळमळत असताना जिभेवर आलेले धीराचे शब्द गिळायचे. मी ते बोलले असते तर सॉर्बिट्रेटच्या पट्टीच्या जागी मी बसले असते, आणि पुढच्या वेळी मॅडम शेजारी नाहीत म्हणून ते मेले असते, निदान त्यांच्या मनात. मी विचारलं, "शंभरपैकी किती?"

"पंच्याण्णव."

"अंगात काय काय होतंय ते सांगा. पुढे काय होईल ते नको, आत्ता काय आहे ते."

ते सांगू लागले. छाती. हात. जीभ कोरडी. "आता जानार" म्हणाले, आणि स्वतःच थांबून म्हणाले, "न्हाई, ह्ये फुडचं झालं." मग मी त्यांना आम्ही खोलीत केलं होतं तेच करायला सांगितलं. जोरात श्वास घ्या. भीती आणखी वाढवून दाखवा. बेशुद्ध पडायचंच आहे ना, तर पडून दाखवा. गाडी थांबलेली, हँडब्रेक ओढलेला, पुढे-मागे सगळं उभं. मेहुण्याने माझ्याकडे अशा रागाने बघितलं की तो मला आता खाली उतरवणार असं वाटलं. दत्ताभाऊंनी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरलं आणि श्वास घ्यायला सुरुवात केली. भात्यासारखी छाती वरखाली होत होती. मागून कुणीतरी सारखा हॉर्न वाजवत होता. बराच वेळ ते तसेच करत राहिले, आणि मग एकदम थांबले.

"वाढंना की," ते म्हणाले.

"काय?"

"वाढंना. मी वाढवतोय तर वाढंना. उलटी उतराय लागली." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "मॅडम, मी हितंच हाय. पडलो न्हाई."

रांग हलायला वेळ लागला. तेवढ्या वेळात भीती साठवर आली, मग चाळीसवर, मध्येच पुन्हा सत्तरवर गेली आणि खाली आली. बाहेर पडल्यावर त्यांनी गाडी कुठेही थांबवली नाही. थेट खंडाळ्याला जाऊन एका हॉटेलापुढे लावली, आणि चहा सांगायच्या आधी कागद मागितला. 'बेशुद्ध पडणार'च्या पुढे त्यांनी 'न्हाई' असं लिहिलं आणि खाली दोन रेघा ओढल्या. मग म्हणाले, "अजून एक फेरा मारू. ह्या टायमाला मी एकटा. तुमी दोघं हितंच बसा." मेहुणा आणि मी चहा पीत बसलो. मेहुण्याचा राग एव्हाना गेला होता. त्याने मला विचारलं, "हे तुम्ही शिकला कुठं?" मी त्याला मेरी कव्हर जोन्स यांची गोष्ट सांगितली. त्यांनी 1924 साली सशाला घाबरणाऱ्या पीटर नावाच्या लहान मुलाजवळ, तो खात असताना, पिंजरा हळूहळू पुढे सरकवत आणला होता आणि शेवटी तो मुलगा सशाला हात लावू लागला होता. मेहुणा म्हणाला, "सशाचं ठीक हाय. तुमी डायरेक्ट बोगद्यात घातलं." त्यावर मी त्याला खोलीतल्या सगळ्या आठवड्यांचा हिशेब सांगितला. बोगदा हे शेवटचं पाऊल होतं, पहिलं नाही. हे मी मुद्दाम इथेही लिहिते, कारण घाबरणाऱ्या माणसाला एकदम पाण्यात ढकलणं म्हणजे उपचार, असं समजणारे लोक आहेत, आणि त्यांनी केलेलं नुकसान आम्हाला महिनोन्महिने निस्तरावं लागतं.

पुढे दत्ताभाऊ पुन्हा रात्रीची खेप मारायला लागले. सगळं कायमचं गेलं असं नाही. पावसाळ्यात एकदा कात्रजच्या बोगद्यात तसंच झालं आणि ते दुसऱ्या दिवशी माझ्याकडे आले. घाबरलेले होते, पण या वेळी त्यांनी हृदयाच्या डॉक्टरांकडे धाव घेतली नव्हती. असं अधूनमधून होणार, याची तयारी आम्ही आधीच केली होती. वही उघडली, पुन्हा काही आठवडे सराव केला.

शेवटच्या भेटीत ते चुलत बहिणीबद्दल विचारत होते. तिलाही धडधड होते, ती बाजाराला एकटी जात नाही, सासरचे बाहेरचं काहीतरी म्हणतात. "तिला आणू का तुमच्याकडं?" मी म्हटलं, आधी तिचा ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड बघून घ्या. बायकांमध्ये रक्त कमी असल्यानेही अशी धडधड होते, ते राहून जायला नको. अगदी कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 वर टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करता येतो, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात. रिपोर्ट ठीक निघाले तर माझ्याकडे आणा, आणि पहिल्या दिवशी तुम्हीही सोबत या. त्यांनी नंबर मोबाइलमध्ये घातला आणि विचारलं, "आनि तिचा नवरा न्हाई म्हनला तर?"

मी म्हटलं, "मग त्यालाही घेऊन या."