माघातलं बंदर: नोंद सातवी

मराठी कवींच्या कवितांतली मुंबई फोटोंत शोधतोय. त्यातला बा. सी. मर्ढेकरांच्या मुंबईचा फोटो अखेर मिळाला. एकच, पण मिळाला.

कविता ‘न्हालेल्या जणु गर्भवतीच्या’: माघातली सकाळ मुंबईचं बंदर उजळत येते, न्हालेल्या गर्भवतीच्या सोज्वळ मोहकतेने. मागच्या मे महिन्यात याच कवितेसाठी गेटवेजवळच्या अपोलो बंदरावर तीन सकाळी घालवल्या होत्या. तेव्हा सूर्य घारापुरीच्या बाजूने वर आला आणि अर्ध्या तासात पाणी पांढरंफटक झालं. फोटो सुबक होते, पण न्हालेल्या गर्भवतीचा तो सोज्वळपणा त्यांत औषधालाही नव्हता. कवितेत ‘माघ’ स्पष्ट लिहिलाय; मी तो नुसता नादासाठी आलाय असं धरून चाललो होतो. माघात सूर्य दक्षिणेकडे सरकलेला असतो, उरणच्या अंगाने उगवतो. हवेत धुरकं असतं, त्यामुळे तो दिसायच्या आधी बराच वेळ उजेड नुसता पसरत राहतो.

या वेळी पावणेसातलाच कठड्याशी उभा राहिलो. ३५ एमएम लेन्स, आयएसओ ८००, एफ २.८. लाँचींवर अजून दिवे, पाणी शिशाच्या रंगाचं. आठ-दहा फ्रेम घेतल्या आणि त्याच कवितेतली काळोखाच्या उशीवरून डोकी उचलणारी घरं आठवली. समुद्राकडे पाठ केली. झाडांआडचे खालचे मजले काळे, आणि वर फक्त गच्च्या, पाण्याच्या टाक्या, एका सज्जात वाळत घातलेलं पांढरं धोतर. एक्स्पोजर त्या धोतरावर धरलं. एडिट करताना सावल्या उचलायचा मोह झाला, पण उशी काळोखाचीच हवी. तशीच ठेवली.

यानंतर अरुण कोलटकरांच्या ‘काळा घोडा पोएम्स’साठी काळा घोडा चौकात टिपलेले जुने फोटो काढून टाकले. तिथला स्वारासकटचा पुतळा १९६५ साली हलवला, बिनस्वाराचा घोडा आला २०१७ला. कोलटकर २००४ साली गेले. म्हणजे त्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेल्या चौकात घोडा नव्हताच! माझ्या प्रत्येक फ्रेमच्या मधोमध मात्र तो उभा. आता चौकटीबाहेर ठेवून नव्याने सुरुवात.

नारायण सुर्व्यांच्या कवितेपाशी अजून अडलोय. गिरणीच्या चिमण्या सगळेच टिपतात, मीही टिपल्या. पण ‘माझे विद्यापीठ’ हा त्यांचा संग्रह १९६६चा. गिरण्या ओस पाडणारा १९८२चा संप तेव्हा फार लांब होता. ओस पडलेली चिमणी हा आपला शोक आहे, त्यांचा नव्हे. त्यांच्या कवितेत माणसं चालतात, भांडतात, कामाला जातात. म्हणून येत्या सोमवारी पहिल्या पाळीच्या वेळेला गिरणगावातल्या करी रोड स्टेशनच्या बाहेर उभा राहणार आहे. इतक्या सकाळी तिथून आज कोण कामाला निघतं, ते आधी कॅमेरा न काढता बघायचंय.