तिसरा आठवडा आपला

अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जो लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) झाला होता त्यावर आर-चॉप नावाची केमो देतात. दर २१ दिवसांनी एक सायकल, म्हणजे औषधांची एक फेरी, अशा सहा. पाच औषधं असतात. त्यातली चार पहिल्याच दिवशी सलाईनमधून जातात आणि पाचवं, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, पाच दिवस रोज १०० मिलिग्रॅम गोळ्यांनी घ्यायचं. उपचार पुण्यात, घर साताऱ्यात. पहिल्या डोसच्या आधी डे केअरमधल्या सिस्टरनी आम्हाला बसवून सांगितलं की या २१ दिवसांत सगळे दिवस सारखे नसतात. कुठले वाईट जातील, कुठले बरे, याचा साधारण अंदाज आधी येतो. वहिनीनं घरी आल्यावर कालनिर्णय भिंतीवरून काढलं आणि पेन्सिलीनं खुणा केल्या. पुढचे चार महिने घर त्या खुणांवर चाललं.

पहिले पाच दिवस स्टेरॉइडचे. गोळ्या सकाळी नाश्त्यानंतर घ्यायच्या, म्हणजे झोपेवर कमी परिणाम होतो, असं डॉक्टर म्हणाले होते. अण्णांवर पूर्ण झाला. एरवी नऊच्या बातम्या संपायच्या आत घोरणारा माणूस रात्री दोन वाजता टक्क जागा. वर भूक अशी की आई थालीपीठ लावतेय आणि हे ओट्याशी उभे राहून तव्यावरचं खातायत. पहिल्या रात्री आम्ही सगळे घाबरून जागे राहिलो. दुसऱ्या रात्री दादानं कपाटातून पत्ते काढले.

मेंढीकोटला चार भिडू लागतात आणि आम्ही बरोबर चार होतो. मी आणि अण्णा एकीकडे, आई आणि दादा समोर. लग्न होऊन मी पुण्याला गेले, दादाची फिरतीची नोकरी, त्यामुळे आम्ही चौघंच असे एका सतरंजीवर कित्येक वर्षांत बसलो नव्हतो. आईला पत्त्यांतलं इतकं कळतं हे मला तेव्हा कळलं. कुणाकडे कुठली दश्शी अडकलीय हे तिला आपोआप समजतं. एकदा तिनं चारही मेंढ्या, म्हणजे दश्श्या, ओढून आमच्यावर कोट केला, तर अण्णा म्हणाले, "मी पेशंट आहे, जरा तरी दया कर." आई म्हणाली, "पत्ते वाटा तुम्ही."

त्या पाच दिवसांत घरच्या मशीनवर साखर तपासायची असायची, कारण स्टेरॉइडनं ती चढते. तेवढं सोडलं तर मला त्या रात्री आवडायच्या. हे कुणाला सांगितलं की लोक विचित्र नजरेनं बघतात. बाप आजारी आणि ही म्हणते मजा आली. पण आली.

गोळ्या थांबल्या की उतार सुरू. सहाव्या-सातव्या दिवशी अण्णा अंथरुणावरून उठायचे नाहीत, बोलायचे नाहीत, फोडणीचा वास आला तरी तोंड फिरवायचे. त्या दिवसांत त्यांना रमवायचा प्रयत्न आम्ही सोडून दिला. कुणीतरी खोलीत आपलं काम करत बसायचं, बस. मी लॅपटॉप घेऊन बसायचे, आई मेथी निवडायची.

दुसऱ्या आठवड्यात पांढऱ्या पेशी खाली येतात. काउंट वाढवणारं इंजेक्शन दिलेलं असतं, त्यानं कंबर आणि मांड्या ठणकतात, तरी सांभाळावं लागतंच. ताप १००.४ फॅरनहाइटला टेकला की दिवस असो वा रात्र, थेट हॉस्पिटल. आधी क्रोसिन देऊन बघू, हे चालत नाही. ताप दबतो आणि आत जंतुसंसर्ग वाढत राहतो. म्हणून थर्मामीटर देव्हाऱ्याशेजारी आणि भरलेली बॅग दाराशी. कोशिंबीर बंद, बाहेरचं बंद, फळं सोलून खायची तीच.

नेमके गणपती याच आठवड्यात आले. आमच्याकडे गौरींना अर्धी गल्ली येते. अण्णा म्हणाले, मखर नेहमीसारखंच झालं पाहिजे. दादानं गणपती पुढच्या खोलीत खिडकीला लागून बसवला, लोकांनी अंगणातून दर्शन घेतलं आणि प्रसाद वहिनीनं पुड्यांत बांधून दिला. आत आरतीला आम्हीच. अण्णा मास्क लावून लांब खुर्चीत बसले आणि भाचा झांज चुकवायला लागला की तिथून हातानं ठेका दाखवायचे.

पाहुण्यांबद्दल मात्र लिहायलाच हवं. केमोपेक्षा त्यांनी जास्त दमवलं. "बघायला" येणारे खोकत येतात, साखर सोडा म्हणतात, कुणी कसला रस आणतं, कुणी आपल्या चुलत्याला हेच झालं होतं सांगून चुलत्याचं पुढं काय झालं तेही सांगतं. अण्णांनी एकदा आतून विचारलं, "मी काय बघायला ठेवलाय का?" तेव्हापासून दादा फोनवरच सांगायचा, तिसऱ्या आठवड्यात या. आणि काढा, पाला, पावडर काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोंडात जायचं नाही, हे आईनं आत्यालासुद्धा सांगितलं. यासाठी किती धैर्य लागतं ते आमच्या आत्याला ओळखणाऱ्यांना कळेल.

तिसरा आठवडा आमचा. काउंट वर आलेले, तोंडाला चव आलेली, पाय जरा चालणारे. गणपतीनंतरच्या तिसऱ्या आठवड्यात कास पठारावर फुलं होती. शनिवार-रविवारी तिथं मरणाची गर्दी असते, म्हणून दादानं आणि मी मंगळवारी रजा टाकली. रक्ताचा रिपोर्ट आदल्या दिवशी डॉक्टरांना पाठवून विचारलं. यवतेश्वरचा घाट धुक्यात होता. केस गेल्याचं अण्णांना फारसं वाटलं नव्हतं, मिशी गेल्याचं लागलं होतं. त्यामुळे मास्कवर ते खूश असायचे. कुंपणाबाहेरूनच सीतेची आसवं आणि तेरडा बघितला. ते अर्धा तास चालले असतील. मग गाडीत बसून डब्यातली दशमी आणि बटाट्याची भाजी खाल्ली आणि झोपले. आम्ही गाडीच्या काचा अर्ध्या उघड्या ठेवून त्यांचं घोरणं ऐकत तिथंच थांबलो.

चौथ्या डोसनंतरचा पेट स्कॅन, म्हणजे अंगात कॅन्सर किती उरलाय ते बघायची तपासणी, हा सगळ्यात लांब दिवस. सुईतून किरणोत्सर्गी साखर देतात, त्यामुळे नंतर काही तास लहान मुलांपासून लांब राहायचं. नातू दाराआडून विचारत होता, आजोबा आता अंधारात चमकणार का. रिपोर्ट चांगला आला. आई स्वयंपाकघरात जाऊन रडली आणि बाहेर येऊन म्हणाली, कांदा चिरत होते. कांदा कुठंच नव्हता.

दिवाळी स्टेरॉइडच्या दिवसांत आली. चकली आणि चिवड्यावर जोर, लाडू-करंज्यांवर आईची नजर. भाऊबीजेला आत्या आली, तिनंही मास्क काढला नाही, आणि रात्री पाचवा भिडू म्हणून ती शेजारी बसून सगळ्यांचे पत्ते सगळ्यांना सांगत राहिली.

सहावी सायकल नोव्हेंबरअखेर झाली. शेवटचा पेट स्कॅन जानेवारीत, तोही स्वच्छ. त्या पाचांतल्या व्हिन्क्रिस्टिन या औषधानं बोटांना आलेल्या मुंग्या अजून आहेत, शर्टाची बटणं आई लावते. आता दर तीन महिन्यांनी पुण्याला तपासणी असते. अण्णा आदल्या संध्याकाळीच माझ्याकडे येतात. दादाला त्या दिवशी रजा मिळाली नाही तर चौथा भिडू म्हणून माझा नवरा बसतो. त्याला हुकूम कधी बोलायचा ते अजून कळत नाही, आणि अण्णा त्याला जावई म्हणून काही बोलत नाहीत. आई बोलते.